मोहाचा लाडू आणि पायऱ्यांची वही

३० मार्च २०२५ रोजी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधानांनी आदिलाबाद जिल्ह्यातील दोन भगिनींचा उल्लेख केला. मोहाच्या फुलांपासून त्या नाना तऱ्हेचे पदार्थ करतात आणि ते लोकांना आवडतात, एवढीच ती वार्ता होती. तथापि, बाहेरच्या जगाला कापूस आणि कडाक्याची थंडी यांखेरीज ज्या जिल्ह्याचे नाव फारसे ठाऊक नाही, त्या जिल्ह्याच्या दृष्टीने ती लहान वार्ता नव्हे. उटनूर परिसरातील आदिवासी महिलांनी सहकारी तत्त्वावर मोहाचे लाडू करण्याचा उद्योग उभारला आणि आश्रमशाळांतील मुलींच्या अशक्तपणावर उपाय म्हणून ते लाडू वसतिगृहांत जाऊ लागले, हेही आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल.

असा पदार्थ ऐकिवात आला, की कोणाच्याही मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की हा मागवावयाचा कोठून? आणि ज्या घरातील सूनबाईंच्या हाताला चव आहे, तेथे दुसराही प्रश्न येतो. आपलाही पदार्थ असा घरबसल्या ऑनलाइन का विकू नये? आदिलाबादच्या गल्लीतून सिकंदराबाद, इंदूर, बडोदे, बंगळूर येथील मराठी घरांपर्यंत डबा पोचविण्याची सोय आज हाताशी आहे. फ्लिपकार्टचा आरंभ २००७ साली झाला, अ‍ॅमेझॉनचे भारतातील दुकान २०१३ साली उघडले, आणि आदिवासींच्या मालासाठी ट्रायफेड या सरकारी सहकारी महासंघाने २०२० च्या गांधीजयंतीस स्वतंत्र ई-बाजार सुरू केला. दुकाने आहेत, ग्राहक आहेत, कुरिअर आहे. मग घरोघरीचे उत्साही उद्योग पहिल्याच वर्षी का थांबतात?

प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे कारण चवीत क्वचितच असते. माल कोणत्या पायरीवर उभा आहे हे त्या घरात कोणालाच नेमके ठाऊक नसते, हे त्याचे कारण. फोटो काढला, दुकानाच्या पानावर चढविला, म्हणजे माल बाजारात आला अशी समजूत असते. वस्तुतः पानावर माल चढविणे ही सातवी-आठवी पायरी होय. तिच्या आधीच्या पायऱ्या घराच्या आत असतात, म्हणून त्या दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून राहून जातात.

जुन्या पद्धतीच्या विक्रीत ही अडचण नव्हती. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तेथे टोपली घेऊन बसलेल्या बाईला सारे काही डोळ्यांसमोर दिसते. लाडू तोंडात टाकणाऱ्याचा चेहरा दिसतो. शेजारीण काय भावाने विकते ते ऐकू येते. कागद संपला तर ती मुलाला पिटाळते. दुपारपर्यंत खप झाला नाही तर भाव उतरविते. चूक आणि दुरुस्ती एकाच दिवसात होते. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाचा चेहरा नाही. भाव, वजन, पाकीट, टिकण्याची मुदत, तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक हे सारे पहिला डबा विकला जाण्यापूर्वी ठरवून छापावे लागते. जत्रेत जे डोळे करीत होते ते काम येथे वहीने करावयाचे असते.

लग्नघरात ही विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुहूर्त ठरला, की तेथून मागे मोजीत यावयाचे. पत्रिका कधी छापून हव्यात, त्याआधी मजकूर कोणी पाहावयाचा, आचारी कधी सांगावयाचा, रुखवताचे सामान कोणाकडे. घरातील एखादी आत्याबाई यादी घेऊन बसते आणि प्रत्येक नावापुढे खूण करीत जाते. अमेरिकेत हेन्री गँट या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कामांच्या आडव्या पट्ट्यांचे तक्ते रूढ केले. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ‘कानबान’ म्हणजे पाटी किंवा चिठ्ठी या नावाची पद्धत बसविली. पुढे कॅनडातील रॉबर्ट कूपर या प्राध्यापकांनी नवा माल बाजारात आणताना पायरी आणि तिच्या शेवटी एक फाटक अशी मांडणी केली. फाटकाशी विचारावयाचे, की पुढे जावे, थांबावे की सोडून द्यावे? मोठमोठ्या कारखान्यांतून हे शास्त्र म्हणून शिकविले जाते. आत्याबाईंनी त्याला शास्त्र म्हटले नाही, इतकेच.

मोहाच्या लाडवाचा मुहूर्त मात्र कोणा भटजीने काढलेला नसतो. तो झाडाने काढलेला असतो. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले गळतात, बायका ती उजाडण्यापूर्वी वेचतात, उन्हात वाळवितात, आणि हा हंगाम काही आठवड्यांतच संपतो. वर्षाची बेगमी तेवढ्यात करावी लागते. येथे एखादी पायरी महिनाभर अडली तर नुकसान महिन्याचे होत नाही. दिवाळी हुकते, आणि फुलांत गुंतलेला पैसा पुढच्या वर्षापर्यंत कोठीत पडून राहतो. बचतगटातील दहा बायकांनी कर्ज काढून फुले घेतली असतील तर त्या अडकलेल्या पैशावर व्याजही चढत असते.

म्हणून दिवाळीपासून मागे मोजू या. दूरच्या गावचे गिऱ्हाईक फराळाची खरेदी दसऱ्यानंतर करते असे धरले, तर माल दुकानाच्या पानावर घटस्थापनेपर्यंत दिसू लागला पाहिजे. त्यासाठी छापलेली पाकिटे गणपतीपूर्वी घरात हवीत. पाकीट छापावयाचे तर परवान्याचा क्रमांक नारळी पौर्णिमेच्या सुमारास हाती हवा. आणि पाकिटावर ‘अमुक दिवस टिकते’ असे लिहावयाचे असेल तर ते आधी पाहिलेले असावे लागते.

ही टिकण्याची परीक्षा सर्वांत संथ पायरी, आणि नवशिक्या घरांतून हमखास विसरली जाणारी. ज्याला स्वयंपाकघरातच ही पारख करावयाची आहे, त्याच्या लाडवाला साठ दिवस टिकतो असे म्हणावयास साठ दिवसच लागतात. पैसे खर्चून किंवा ओळख काढून ती आवरती घेता येत नाही. अक्षय्य तृतीयेला भरलेले वीस डबे आषाढी एकादशीपर्यंत दर आठवड्याला एकेक उघडीत जावे; वास, चव, तेलकटपणा, बुरशी यांची नोंद करावी. सामान्यतः हे अंतर सदुसष्ट-अडुसष्ट दिवसांचे असते. (२०२६ सारखा अधिक ज्येष्ठ आला तर ते सव्वातीन महिन्यांवर जाते, तेव्हा पंचांग पाहून मोजावे.) या काळात पाऊसही सुरू होतो हा फायदाच समजावा. मोहाचे फूल आणि गूळ दोन्ही ओल धरणारे; आदिलाबादच्या पावसाळ्यात जो लाडू टिकला तो मालगाडीच्या डब्यातही टिकेल. घरगुती परीक्षेत उत्तीर्ण झालेला नमुना पुढे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घेणे श्रेयस्कर.

यात एक कायदेशीर मेखही आहे. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याचे किमान तीस टक्के आयुष्य, किंवा मुदत संपण्यास पंचेचाळीस दिवस, शिल्लक असावेत अशी सूचना अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांना दिली. साठ दिवसांच्या लाडवाचे तीस टक्के म्हणजे अठरा दिवस. वाटेत सहा दिवस जातात असे धरले, तर केल्यापासून छत्तीस दिवसांच्या आत डबा घराबाहेर पडला पाहिजे. याचा अर्थ असा, की श्रावणातच सारे लाडू वळून ठेवणे हा शहाणपणा नव्हे. वाळलेली फुले साठवावीत, लाडू मागणीप्रमाणे वळावेत. हा हिशेब चैत्रात केला तर तो हिशेब. आश्विनात कळला तर ते नुकसान.

आता ती वही कशी असावी ते सांगतो. संगणकावर तक्ता मांडता येतो, भ्रमणध्वनीवर त्यासाठी अ‍ॅपही मिळतात. पण दहा बायकांच्या गटाला भिंतीवरचा एक मोठा पुठ्ठा अधिक उपयोगी, कारण तो सर्वांना येताजाता दिसतो. त्यावर चार रकाने पुरेत: पायरी कोणती, ती कोणाकडे आहे, कोणत्या तारखेपासून, आणि कशासाठी अडली आहे. पहिले तीन रकाने कोणीही भरतो. चौथा भरताना खरी परिस्थिती उघडी पडते. ‘पाकीट, छापखान्याकडे, १२ जूनपासून, परवाना क्रमांक आला नाही’ अशी ओळ भिंतीवर आठ दिवस दिसली, की परवान्याच्या अर्जाचे काय झाले हे कोणीतरी विचारतेच. ती ओळ नसेल तर छापखानेवाल्यालाच दोष दिला जातो. अशाच वेळी एखादा उतावळा ‘क्रमांक मागाहून चिकटवू’ म्हणून दोन हजार पाकिटे छापून घेतो. मग पत्ता बदलतो, वजन बदलते, आणि ती पाकिटे घरात डाळी भरण्याच्या कामी येतात.

पाकिटावर काय हवे याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण परत आलेल्या अर्जांचे मूळ बहुधा तेथे असते. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्याखालील नोंदणी वा परवान्याचा क्रमांक चौदा अंकी असतो आणि तो वेष्टनावर छापावा लागतो. आवेष्टित मालाविषयीच्या २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती लागते. पुढे दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमतही त्यात आली. २०१८ च्या जानेवारीपासून यांतील बहुतेक माहिती ऑनलाइन दुकानाच्या पानावरही दाखवावी लागते. पाकीट आणि पान यांत वजनाचा वा किमतीचा फरक पडला तर गिऱ्हाइकाची तक्रार ग्राह्य धरली जाते. म्हणून पानाचा मजकूर पाकिटाच्या अंतिम कागदावरून लिहावा, आठवणीवरून नव्हे.

आदिलाबादकरांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो तो नदीमुळे. ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्यास पूर्वी उलाढाल कितीही अल्प असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली; केवळ नामनोंदणीचा क्रमांक घेऊन ते विकू शकतात. मात्र अट अशी, की माल आपल्याच राज्यात विकला पाहिजे. म्हणजे आदिलाबादची बाई तीनशे किलोमीटरवरील हैदराबादला या सवलतीत डबा पाठवू शकते. पण पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात दिलेल्या मुलीच्या शेजारणीला त्याच दुकानातून डबा विकावयाचा तर पूर्ण नोंदणी हवी. १९५६ पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील मराठवाड्याशी आपले नाते कितीही जवळचे असो, कर खात्याला राज्याची सीमा ठाऊक असते. तेव्हा ‘आपण कोठे विकणार?’ हा प्रश्न पुठ्ठ्यावर अगदी वरच्या ओळीत हवा. प्रथम वर्षी तेलंगणापुरते विकून अनुभव घ्यावा आणि पुढल्या वर्षी सीमा ओलांडावी, हा मार्ग मला तरी विवेकाचा वाटतो. तथापि ज्यांचे सारे गणगोत महाराष्ट्रातच आहे, त्यांनी नोंदणीचा अर्ज लाडवाच्या परीक्षेबरोबरच करावा.

भावाची पायरी स्वतंत्र असावी, कारण तेथे घरगुती उद्योग भावनेच्या भरात वाहून जातात. उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. डब्याची किंमत ३०० रुपये. फुले, तीळ, शेंगदाणे, गूळ मिळून ११०, मजुरी ४०, डबा व खोके २५, कुरिअर ६५, दुकानाचे कमिशन व इतर आकार ४५. एकूण २८५. शिल्लक १५ रुपये. असा एक डबा फुटून परत आला तर कमिशन माफ झाले तरी २४० रुपये गेले, म्हणजे सोळा डब्यांचा नफा गेला. खाद्यपदार्थ परत आला तर तो पुन्हा विकता येत नाही, हे साडीविक्रेत्या मैत्रिणीच्या सल्ल्यात नसते.

कुरिअरचे गणितही आधी करून पाहावे. बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोचे टप्पे असतात, आणि प्रत्यक्ष वजन व आकारमानावरून काढलेले वजन यांतील जे अधिक त्यावर पैसे पडतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागणे हे त्याचे प्रचलित सूत्र. वीस, पंधरा आणि दहा सेंटिमीटरचे खोके सहाशे ग्रॅमचे धरले जाते, आत कापूस भरला तरीसुद्धा! अठरा, तेरा, दहा असे खोके घेतले तर ते चारशे अडुसष्ट ग्रॅमचे होते. म्हणून अर्धा किलोऐवजी चारशे ग्रॅम लाडवांचा डबा केला, तर खोक्यासह तो पहिल्या टप्प्यात बसतो. दुसऱ्या टप्प्याला तीस रुपये अधिक पडले तर वरच्या हिशेबातील पंधरा रुपयांचा नफा पंधरा रुपयांच्या तोट्यात जातो. कापड मोजणाऱ्या शिंप्याच्या टेपने हा तोटा टळतो.

लाडवाखेरीज आदिलाबादच्या जुन्या मुलखाची ओळख म्हणजे निर्मलची खेळणी. २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याची विभागणी होऊन निर्मल वेगळा जिल्हा झाला. कला मात्र दोन्हीकडचे लोक आपलीच समजतात. पोनिकीच्या हलक्या लाकडाचे अवयव कोरावयाचे, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लांबीने ते जोडावयाचे, मग रंग. येथे पायऱ्यांचा क्रम चुकला तर काय होते याचा धडा देशभरच्या कारागिरांना मिळाला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले. एवढी तपासणी लहान कारागिराच्या आवाक्याबाहेरची. डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती होऊन हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक निर्देशांक लाभलेल्या खेळण्यांना सूट मिळाली. निर्मलच्या खेळण्यांना तो निर्देशांक आहे. पण सूट कागदावर असणे निराळे आणि विक्रेत्याजवळ तिचा पुरावा असणे निराळे. दुकान माल चढविताना चिन्ह मागते, आणि तेव्हा कारागिराचे ओळखपत्र शोधण्यास सुरुवात झाली तर खेळणे तयार होऊन पेटीत पडून राहते. म्हणून खेळण्यांच्या पुठ्ठ्यावर पहिली ओळ लाकडाची नव्हे, ओळखपत्राची असावी.

डोकऱ्याच्या पितळी मूर्तींचे तंत्र आणखी वेगळे. वोज कारागीर मेणाचा नमुना करून त्यावर माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि ओतीव काम झाल्यावर साचा फोडतात. आदिलाबादच्या डोकरा कामाला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. साचा फुटतो म्हणून दुसरी मूर्ती पहिलीसारखी कधीच होत नाही. ऑनलाइन दुकानात हाच गुण दोष ठरतो. गिऱ्हाईक चित्रातील मोर मागते आणि हाती दुसराच मोर येतो. प्रत्येक नगाला क्रमांक, त्याच नगाचे छायाचित्र, सेंटिमीटरमध्ये उंची, आणि साठा ‘एक’. काम वाढते खरे, पण परतीचा पेटारा वाचतो.

माल पानावर दिसू लागला, की घरात पेढे वाटले जातात आणि पुठ्ठा कोणीतरी भिंतीवरून काढते. तो काढू नये. पहिले पंचवीस डबे जाईपर्यंत जाहिरातीवर रुपयाही खर्च न करता प्रत्येक डब्याची ओळ लिहावी: केव्हा निघाला, कोणत्या गावी, कितव्या दिवशी पोचला, फुटला का, काय म्हणाले. पंचवीसांत तीन डबे एकाच दिशेने जाताना फुटले असतील तर खोके बदलावे लागेल, आणि ते हजार डबे छापण्यापूर्वी कळले हे बरे. तक्रारीचा दूरध्वनी कोण उचलणार तेही नावानिशी ठरवावे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याने तक्रार निवारणासाठी एक व्यक्ती नेमावी लागते. अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण असा दंडक आहे. ज्या घरात दुपारी सारेच झोपतात तेथे हे सोपे नाही.

याच नियमांत, विक्रेत्याने स्वतः गिऱ्हाईक असल्याचे भासवून अभिप्राय लिहू नयेत असेही म्हटले आहे. आपल्याकडे काका, मामा, भाचे मंडळींना कौतुकाने पाच-पाच तारे द्यावयास सांगण्याची हौस दांडगी. प्रेमाने केलेले असले तरी ते टाळावे. त्यांनी लाडू विकत घ्यावा, खावा आणि कमी गोड वाटला तर तसे स्पष्ट लिहावे. नव्या मालाला त्या वाक्याचा उपयोग पाच ताऱ्यांहून अधिक होतो.

पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ साठ्याची. कोठीतील वाळलेली फुले किती किलो उरली, त्यांत किती डबे होतील, हे दर शनिवारी लिहावे, आणि वीस डब्यांपुरती फुले उरली की दुकानाच्या पानावरचा आकडा तेवढाच करावा. फुले संपली की पान त्याच दिवशी बंद करून ‘पुढील माल वैशाखात’ असे लिहून ठेवावे. माघ सरत आला की मोहाच्या झाडाखालची जमीन झाडून ठेवण्याची वेळ होते.